खाडीत भराव पडला, तर पक्षी कोठे जातील?

वर्धा जिल्ह्यातील हिंगणी गावाजवळ बोर नदीवर धरण आहे. पावसाळा संपताना असा जलाशय भरलेला असतो. रब्बीच्या पिकांसाठी पाणी सुटू लागले की पातळी उतरते आणि काठाचा ओला चिखल थोडा थोडा उघडा पडत जातो. उन्हाळ्यापर्यंत पाण्याची कड कितीतरी आत सरकलेली असते. टिटवी, शेकाट्या, तुतवार हे पक्षी अशा सरकत्या कडेवर चरतात, कारण कृमी, गोगलगायी आणि कीटकांच्या अळ्या ओल्या चिखलातच सापडतात. राज्यातल्या अनेक जलाशयांत उघडी पडणारी ही जमीन शेतीसाठीही वापरली जाते. तिला आपण गाळपेर जमीन म्हणतो. एकाच पट्ट्यावर माणसाचाही डोळा असतो आणि पक्ष्यांचाही.

जलाशयात वर्षातून एकदा घडणारी ही गोष्ट समुद्राच्या खाडीत रोज दोनदा घडते. सुमारे सव्वाबारा ते साडेबारा तासांत भरती-ओहोटीचे एक चक्र पुरे होते. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी पाच मीटरपर्यंत खालीवर होते. ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो आणि भरतीला तो पुन्हा बुडतो. नकाशावर हा पट्टा धड जमीन नसतो, धड पाणीही नसतो. म्हणून नियोजनकाराला तो ‘रिकामा’ वाटतो. मुंबई शहराचा मोठा भाग अशा रिकाम्या वाटणाऱ्या जागी भराव घालूनच उभा राहिला आहे. रायगड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, उघाड्या बसवून खारजमिनी पिकवल्या. भराव ही नवी कल्पना नाही. नवा आहे तो त्याचा आकार आणि वेग.

अशा भरावाचा संरक्षित पक्ष्यांच्या वसतिस्थानावर काय परिणाम होईल, हे आधीच सांगता येते का? येत असेल तर कसे? या प्रश्नाचे शास्त्र या लेखात पाहू या. उदाहरण म्हणून ठाण्याची खाडी घेऊ, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न आज सर्वांत तीव्रतेने तेथेच उभा आहे.

ठाण्याच्या खाडीचे पाहुणे

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधून जाणाऱ्या ठाण्याच्या खाडीत १९९० च्या दशकापासून रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यांच्या दोन जाती येथे दिसतात. छोटा रोहित मुख्यतः निळे-हरित शैवाल आणि एकपेशीय वनस्पती चोचीतल्या गाळणीने गाळून खातो. मोठा रोहित त्यासोबत लहान कवचधारी प्राणी आणि कृमीही खातो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) गणनांमध्ये अलीकडच्या काही वर्षांत त्यांची संख्या एक लाखावर गेलेली आढळली आहे. त्यांच्याबरोबर उत्तरेकडून येणारे लहानमोठे चिखलपक्षीही हजारोंनी असतात. मात्र त्यांचा रंग मातकट असल्याने वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे क्वचितच येतात.

२०१५ मध्ये राज्य शासनाने खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केला. त्यात सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याचा भाग आहे. २०२२ मध्ये अभयारण्य आणि त्याभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर शहरी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव पडले. एखाद्या जातीच्या त्या प्रदेशातील एकूण संख्येपैकी किमान एक टक्का पक्षी जेथे नियमित येतात, किंवा जेथे सर्व जातींचे मिळून वीस हजारांवर पाणपक्षी नियमित येतात, ते स्थळ या कराराच्या निकषांत बसते. ठाण्याची खाडी दोन्ही कसोट्यांना सहज उतरते.

इतके झाल्यावर पक्षी सुरक्षित झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण येथेच खरी मेख आहे.

हद्द नकाशावर, वसतिस्थान वेळापत्रकात

ओहोटीला रोहित अभयारण्यातील चिखलावर चरतात. भरती आली की चिखल बुडतो. लहान चिखलपक्ष्यांचे पाय बोटभर लांबीचे असतात, त्यामुळे त्यांना तेथे उभेही राहता येत नाही. मग हे पक्षी कोठे जातात? ते किनाऱ्याच्या आतल्या उथळ पाणथळींवर जाऊन थांबतात, विश्रांती घेतात, पिसे साफ करतात आणि पाणी उतरण्याची वाट पाहतात. भांडुपचे उदंचन केंद्र, नवी मुंबईतील टी. एस. चाणक्य आणि एनआरआय संकुलाजवळच्या पाणथळी, तसेच उरण परिसरातील बेलपाडा, भेंडखळ आणि पाणजे ही अशी ठिकाणे आहेत. पक्षिशास्त्रज्ञ त्यांना खाडीच्या ‘उपग्रह पाणथळी’ म्हणतात. त्यांतील बहुतेक अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत.

पक्ष्याचे वसतिस्थान म्हणजे नकाशावरचा एक तुकडा नव्हे. ते घड्याळाप्रमाणे बदलणाऱ्या दोन-तीन जागांचे वेळापत्रक असते. त्यातला एक ठोका जरी गळला, तरी उरलेले वेळापत्रक कोलमडते. भरतीच्या वेळी टेकायला जागा नसेल, तर पक्ष्याला सतत हवेत राहावे लागते किंवा दूरवर उडत जावे लागते. ओहोटीला मिळवलेली ऊर्जा तो भरतीला उडण्यात खर्च करतो. अभयारण्यातला चिखल जसाच्या तसा राहिला, तरी त्याचा उपयोग मग कमी होतो.

यासाठी प्रत्यक्ष भराव घालावाच लागतो असेही नाही. नेरूळचा सुमारे ३० एकरांचा डीपीएस तलाव हे त्याचे उदाहरण आहे. खाडीचे पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्यावर हा तलाव कोरडा पडू लागला. २०२४ च्या एप्रिल महिन्यात या परिसरात अनेक रोहित मृत वा जखमी अवस्थेत सापडले आणि तलावाचा प्रश्न गाजला. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. यातून एक धडा मिळतो. परिणाम तपासताना भरावाचे क्षेत्र मोजून भागत नाही. पाण्याच्या येण्याजाण्याच्या वाटाही मोजाव्या लागतात.

हेक्टर मोजावेत की हेक्टर-तास?

प्रकल्पाच्या अहवालात बहुधा असे वाक्य असते: ‘एकूण चिखलपट्टीपैकी फक्त अमुक टक्के क्षेत्र बाधित होईल.’ हे वाक्य तपासण्यासाठी एक सोपे गणित करू. ते आठवी-नववीच्या मुलांनाही जमेल.

समजा, एका खाडीत ३०० हेक्टर चिखल आहे. त्याचे उंचीनुसार शंभर-शंभर हेक्टरांचे तीन पट्टे पाडू. किनाऱ्यालगतचा वरचा पट्टा प्रत्येक भरती-ओहोटीच्या चक्रात ८ तास उघडा राहतो, मधला ५ तास आणि पाण्याजवळचा खालचा पट्टा फक्त २ तास. पक्ष्याला चरायला मिळते ती जागा गुणिले वेळ, म्हणजे ‘हेक्टर-तास’:

वरचा पट्टा: १०० × ८ = ८०० हेक्टर-तास
मधला पट्टा: १०० × ५ = ५०० हेक्टर-तास
खालचा पट्टा: १०० × २ = २०० हेक्टर-तास
एकूण: १,५०० हेक्टर-तास

आता वरच्या पट्ट्यावर भराव घातला. भराव नेहमी किनाऱ्याकडूनच सुरू होतो, कारण तेथे पाणी उथळ असते आणि खर्च कमी येतो. क्षेत्र गेले १०० हेक्टर, म्हणजे ३३ टक्के. हेक्टर-तास मात्र गेले ८००, म्हणजे ५३ टक्के. शिवाय पूर्वी पक्ष्याला ८ तास कोठे ना कोठे चरता येत होते, आता ५ तासच चरता येते. हिवाळ्याच्या शेवटी उत्तरेकडे परतण्यापूर्वी काही चिखलपक्षी अंगावर इतकी चरबी साठवतात की त्यांचे वजन दीडपट ते दुप्पट होते. त्या आठवड्यांत तीन तासांची घट कशी भरून काढणार?

हे आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात सर्व चिखल सारखाच सकस नसतो. म्हणून अभ्यासक निरनिराळ्या उंचीवरच्या चिखलाचे नमुने घेतात, ते चाळणीतून धुतात आणि प्रत्येक चौरस मीटरमध्ये किती कृमी, शिंपले, गोगलगायी आहेत ते मोजतात. जागा, वेळ आणि अन्न ही तिन्ही मापे एकत्र आली की नुकसानीचा खरा अंदाज येतो.

मोजणी कशी करावी?

एका दिवशी जाऊन पक्षी मोजले आणि अहवाल लिहिला, असे करून चालत नाही. त्याची कारणे पाहू.

पहिले कारण ऋतूचे. रोहित साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत खाडीत असतात. उत्तरेकडून येणारे चिखलपक्षी पावसाळ्याच्या शेवटी येऊ लागतात आणि वसंतात परततात. मध्येच थोडे दिवस थांबून पुढे जाणारेही असतात. आपल्याकडे पर्यावरणीय परिणामांच्या अनेक अहवालांसाठी पावसाळा वगळून एकाच ऋतूची आधारभूत माहिती घेण्याची पद्धत आहे. हवा किंवा आवाज मोजायला ती कदाचित पुरत असेल. स्थलांतरी पक्ष्यांच्या बाबतीत ती अपुरी ठरते, कारण चुकीच्या तीन महिन्यांत गेल्यास संपूर्ण पाहुणचारच नजरेतून सुटतो.

दुसरे कारण भरतीचे. भरतीच्या वेळी पक्षी थोड्या जागांवर दाटीने बसतात, म्हणून संख्या मोजायला ती वेळ सोयीची. पण ते कोणत्या चिखलावर चरतात हे ओहोटीलाच कळते. दोन्ही मोजण्या हव्यात. शिवाय सर्व ठिकाणी एकाच वेळी मोजणारे असावे लागतात. नाहीतर तोच थवा बेलपाड्याला एकदा आणि पाणज्याला एकदा, असा दोनदा मोजला जातो.

तिसरे कारण ये-जा करणाऱ्यांचे. एस. टी. स्थानकावर कोणत्याही क्षणी दोनशे माणसे दिसतात, पण दिवसभरात पाच हजार येऊन जातात. स्थलांतराच्या काळात पाणथळीचेही तसेच असते. एका दिवशीची सर्वाधिक संख्या आणि त्या जागेवर एकंदर अवलंबून असलेले पक्षी हे दोन निराळे आकडे आहेत. दुसरा नेहमीच मोठा असतो.

तुलनेशिवाय निष्कर्ष नाही

आता असे समजा की प्रकल्प झाला. पूर्वी त्या जागी १,००० पक्षी होते, नंतर ६०० राहिले. म्हणजे प्रकल्पामुळे ४०० पक्षी घटले, असे म्हणता येईल का? लगेच नाही. कदाचित त्या वर्षी उत्तरेकडे विणीचा हंगाम वाईट गेला असेल आणि सगळीकडेच पक्षी कमी आले असतील. म्हणून दुसरी, प्रकल्प नसलेली पण तशाच स्वरूपाची खाडी तुलनेला घ्यावी लागते. तेथे पूर्वी ८०० आणि नंतर ६४० पक्षी असतील, तर सर्वत्र २० टक्के घट झाली आहे. आपल्या जागी त्या हिशेबाने ८०० उरायला हवे होते. उरले ६००. म्हणजे प्रकल्पाच्या माथी जाणारी घट २०० ची.

उलटही होते. प्रकल्पाच्या जागी आधी १,००० आणि नंतरही १,००० पक्षी असतील, तर ‘काहीच परिणाम नाही’ असे जाहीर केले जाईल. पण तुलनेच्या खाडीत त्याच काळात संख्या दीडपट झाली असेल, तर आपल्या जागेवर ५०० पक्षी येऊ शकलेले नाहीत.

या पद्धतीत चार मोजण्या लागतात: बाधित जागा आधी आणि नंतर, तुलनेची जागा आधी आणि नंतर. यांपैकी ‘आधी’च्या मोजण्या प्रकल्प सुरू झाल्यावर कधीही परत मिळत नाहीत. भराव पडल्यावर सुरू केलेला अभ्यास कितीही काटेकोर असला, तरी त्याच्या तक्त्यातले दोन रकाने कायमचे रिकामे राहतात.

एक अडचण मात्र या पद्धतीतही उरते. बाधित जागेवरून हुसकलेले पक्षीच तुलनेच्या जागी गेले तर? तेथली संख्या वाढलेली दिसेल आणि पक्षी सुखरूप दुसरीकडे गेले, असे म्हणायला आधार मिळेल. प्रकल्पांच्या चर्चेत सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य तेच आहे: ‘पक्ष्यांना पंख आहेत, ते दुसरीकडे जातील.’ हे वाक्य एक गृहीतक आहे. गृहीतक तपासता येते, आणि निदान दोन ठिकाणी ते नीट तपासले गेले आहे.

कार्डिफचे तांबड्या पायांचे पक्षी

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात कार्डिफ शहराजवळ नदीमुखावर बंधारा घालून नोव्हेंबर १९९९ मध्ये भरती-ओहोटी बंद करण्यात आली. सुमारे २०० हेक्टर चिखल कायमचा गोड्या पाण्याखाली गेला. तेथे रेडशँक नावाचे तांबड्या पायांचे चिखलपक्षी हिवाळा काढीत असत. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीच्या संशोधकांनी बंधारा पुरा होण्याच्या आधीच त्यांच्या पायांत रंगीत कडी घालून ठेवली होती. त्यामुळे नुसती संख्या न मोजता, त्याच पक्ष्यांचे पुढे काय झाले हे पाहता आले.

पक्षी खरोखरच दुसरीकडे गेले. अनेक रेडशँक जवळच्याच रिम्नी नदीच्या मुखाशी दिसू लागले. अभ्यास येथे थांबला असता तर सर्वांना हायसे वाटले असते. पण पहिल्या हिवाळ्यात या विस्थापित पक्ष्यांना आपले वजन राखणे जड गेले. पूर्वी एका वर्षाच्या शेवटी प्रौढ पक्ष्यांपैकी ८४.६ टक्के जिवंत राहत. विस्थापनानंतर हे प्रमाण ७७.८ टक्क्यांवर आले.

फरक सात टक्क्यांचा, म्हणजे किरकोळ वाटतो. पण मृत्यूच्या बाजूने पाहा. पूर्वी हजारांपैकी १५४ पक्षी वर्षात मरत, आता २२२ मरू लागले. मृत्युदर ४४ टक्क्यांनी वाढला. वर्गात टक्केवारी शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे. एकच माहिती जगण्याच्या बाजूने सांगितली की लहान दिसते आणि मरणाच्या बाजूने सांगितली की मोठी दिसते.

असे का झाले? कारण दुसरी जागा रिकामी नव्हती. तेथे आधीचे पक्षी होतेच. चांगल्या चरण्याच्या जागा त्यांनी धरलेल्या होत्या. नव्याने आलेल्यांना कडेच्या, कमी अन्नाच्या जागा मिळाल्या. गच्च भरलेल्या एस. टी.त आणखी वीस माणसे चढली, तर ती ‘दुसऱ्या गाडीत गेली’ हे खरे असते, पण सर्वांना बसायला जागा मिळाली हे खरे नसते.

सेमनगुमची भिंत

दुसरे उदाहरण याहून फार मोठे आहे. दक्षिण कोरियात सेमनगुम येथे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत बांधून एप्रिल २००६ मध्ये दोन नद्यांची मुखे बंद करण्यात आली. आत अडकले सुमारे ४०१ चौरस किलोमीटर क्षेत्र. ऑस्ट्रेलियाहून सायबेरियाकडे जाणारे चिखलपक्षी येथे थांबून पुढच्या प्रवासाची शिदोरी बांधून घेत. त्यांतील ग्रेट नॉट या जातीसाठी तर हे सर्वांत महत्त्वाच्या थांब्यांपैकी एक होते.

२००६ ते २००८ या काळात कोरियन आणि ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी सेमनगुम आणि शेजारच्या नदीमुखांवर सतत मोजणी केली. सेमनगुमला पक्षी झपाट्याने घटले. ते शेजारच्या मुखांवर वाढले असते, तर ‘दुसरीकडे गेले’ म्हणता आले असते. तेवढे ते वाढले नाहीत. कोरियात इतरत्रही ते सापडले नाहीत. आणि हजारो किलोमीटर दूर, ऑस्ट्रेलियात हिवाळी मुक्कामाला परतणाऱ्या ग्रेट नॉटची संख्याही घसरली. २०१० मध्ये ही जात जागतिक यादीत ‘असुरक्षित’ ठरली आणि २०१५ मध्ये ‘संकटग्रस्त’. एका देशातल्या भरावाची किंमत दुसऱ्या खंडात मोजता आली, ती दोन्हीकडे आधीपासून मोजणी चालू होती म्हणून.

भरपाई म्हणजे काय?

प्रकल्पाला परवानगी देताना भरपाईची अट घातली जाते. आपल्याकडे तिचे नेहमीचे रूप म्हणजे कांदळवनाची लागवड. कांदळवने मोलाची आहेत यात शंका नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ च्या आदेशांनी त्यांच्या तोडीला बंदी घातली, ती योग्यच होती. पण चिखलपक्षी झाडांत चरत नाहीत. त्यांना मोकळा, दूरवर दिसणारा चिखल लागतो. उघड्या चिखलावर तिवरे लावली, तर हिरवळ वाढते आणि चरण्याची जागा आणखी घटते. कार्डिफच्या बदल्यात न्यूपोर्टजवळ नवे पाणथळ क्षेत्र २००० साली तयार झाले. तेथे आज अनेक सुंदर पक्षी दिसतात. मात्र त्यात गेलेल्या खाऱ्या चिखलाचा भाग फार थोडा होता. भरपाई मोजताना ‘किती हेक्टर?’ या प्रश्नाबरोबर ‘कोणत्या पक्ष्यासाठी?’ हेही विचारले पाहिजे.

संख्या वाढली म्हणजे सर्व आलबेल, असेही नसते. ठाण्याच्या खाडीत रोहित वाढण्यामागे शहराच्या सांडपाण्यातून आलेली पोषक द्रव्ये आणि त्यांवर वाढलेले शैवाल हे एक कारण मानले जाते. शैवाल खाणाऱ्याला लाभ झाला, म्हणून शिंपले आणि कृमी खाणाऱ्यालाही झाला असे ठरत नाही. प्रत्येक जातीचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो.

थेंबाथेंबाने

नवी मुंबईच्या विकासासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. मुंबईला न्हावा-शेव्याशी जोडणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. तो शिवडीच्या चिखलावरून खांबांवर गेला आहे. सुमारे १,१६० हेक्टरांवरील नवी मुंबई विमानतळाला २०१० मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. उलव्याची टेकडी फोडून, सखल खाजणात भराव घालून, नदीचा प्रवाह वळवून तो उभारला गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तेथे समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव योजलेला आहे.

यांतील प्रत्येक प्रकल्पाला आपापले समर्थन आहे. रोजगार, दळणवळण, व्यापार हे खोटे मुद्दे नाहीत. पण परिणामांचा अहवाल प्रत्येकाचा वेगळा होतो. पक्ष्याला मात्र एकाच आयुष्यात त्या सर्वांतून उडावे लागते. समजा, प्रत्येक प्रकल्प उरलेल्या पाणथळीचा ‘फक्त पाच टक्के’ भाग घेतो. असे दहा प्रकल्प झाले तर काय उरेल? ०.९५ चा दहावा घात करून पाहा. उत्तर येते सुमारे ०.६०. दहा वेळा ‘नगण्य’ म्हटल्यावर चाळीस टक्के पाणथळ गेलेली असते.

विमानतळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मे २०२४ मध्ये घाटकोपर परिसरात उतरत्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले. पक्षी आणि विमान यांची गाठ दोघांनाही धोक्याची आहे. म्हणून जवळच्या पाणथळी बुजवाव्यात, असा एक विचार पुढे येतो. पण भरतीच्या वेळी विसाव्याची जागा शोधणारा थवा ठरलेली पाणथळ नाहीशी झाली म्हणून खाडी सोडून जाईलच असे नाही. तो दुसरी मोकळी, सपाट जागा शोधेल, आणि धावपट्टीइतकी मोकळी, सपाट जागा आसपास दुसरी नसते. म्हणून पक्षी कोणत्या वाटेने, किती उंचीवरून आणि भरतीच्या कोणत्या वेळी उडतात, याची नोंद पक्षी आणि प्रवासी या दोघांसाठीही आवश्यक आहे.

वर्गात करण्याजोगे

समुद्र जवळ नसला तरी हा अभ्यास शाळेत करता येतो. बोरसारखा जलाशय, गावचा मालगुजारी तलाव किंवा पाझर तलाव पुरेसा आहे. (बोरचा परिसर १९७० पासून अभयारण्य आणि २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे जायचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी.)

१. ऑक्टोबर ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दोन जागांवरून पक्षी मोजा. जातीचे नाव ठाऊक नसेल तर पायांची लांबी आणि चोचीचा आकार नोंदवा.

२. प्रत्येक वेळी पाण्याच्या कडेला खुंटी मारून ती किती सरकली ते टेपने मोजा. पक्ष्यांची संख्या आणि कडेचे सरकणे यांचा आलेख काढा.

३. उघड्या चिखलाचा वीतभर लांब-रुंद तुकडा चाळणीत धुऊन त्यातले जीव मोजा. दोन महिने कोरडा पडलेला भाग आणि काल उघडा पडलेला भाग यांची तुलना करा.

४. जवळच्या दुसऱ्या तलावावरही हीच मोजणी दुसऱ्या शाळेने करावी. उद्या कोठे गाळ काढला गेला, बांध वाढला किंवा काठ भरला गेला, तर ‘आधी’चे दोन्ही रकाने तुमच्या वहीत भरलेले असतील.

जनसुनावणीत विचारण्याचे प्रश्न

२००६ च्या अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि सूचनेपासून किमान तीस दिवसांची मुदत मिळते. तेथे कोणीही नागरिक प्रश्न विचारू शकतो, आणि शिक्षकाइतका नेमका प्रश्न विचारणारा दुसरा कोण असणार? विचारण्याजोगे प्रश्न असे:

पक्ष्यांची मोजणी किती ऋतूंत आणि भरतीच्या कोणत्या वेळी झाली? पक्षी भरतीला कोठे जातात ते पाहिले का? बाधित चिखल किती तास उघडा राहतो आणि त्यात किती अन्न आहे? तुलनेची जागा कोणती निवडली? पाण्याच्या कोणत्या वाटा बंद होतील? शेजारच्या इतर प्रकल्पांचा परिणाम यात मिळवला आहे का? भरपाईची जागा कोणत्या जातीच्या उपयोगी पडेल, आणि ती भरावाच्या आधी तयार होईल की नंतर?

यांची उत्तरे मिळाली तर प्रकल्प अडेलच असे नाही. कधी भरावाऐवजी खांब घालता येतात, कधी एखादी उघाडी मोठी ठेवून भरतीचे पाणी आत येऊ देता येते, कधी कामाचे महिने बदलता येतात. पण हे बदल कागदावर करता येतात तोवरच स्वस्त असतात. चिखलावर मुरूम पडल्यानंतर ‘पक्षी कोठे गेले?’ हा प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. त्याचे उत्तर द्यायला लागणारी माहिती मात्र भराव पडण्यापूर्वीच्या हिवाळ्यांतच गोळा करावी लागते.